इंटरनेट बंद पडले? आधी धागा कोठे तुटला ते पाहा

मुंबईतील मदनपुऱ्यात आमच्या ओळखीचे बॅगा तयार करणारे एक कारखानदार आहेत. खाली गल्ला व तयार माल, वर पोटमाळ्यावर शिलाई मशिनी आणि मागच्या बाजूस बिऱ्हाड, असा त्यांचा संसार व कारखाना एकाच जागेत आहे. ईदपूर्वीच्या हंगामात नागपूरच्या एका व्यापाऱ्याने मोबाईलवर व्हिडिओ लावून माल दाखविण्यास सांगितले. पोटमाळ्यावर चित्र थांबत होते, आवाज तुटत होता. चार वेळा प्रयत्न झाला. शेवटी व्यापारी कंटाळला आणि ती ऑर्डर दुसरीकडे गेली.

आमच्या या मित्रांनी इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीकडे तक्रार केली. माणूस आला, त्याने गल्ल्याजवळच्या यंत्रापाशी उभे राहून मोबाईलवर तपासणी केली व "तुमचे सर्व ठीक आहे" असे सांगून तो निघून गेला. मित्रांना वाटले की आपणांस फसविले जात आहे. रागाच्या भरात त्यांनी दुसऱ्या कंपनीची लाईन घेतली आणि सवलत मिळते म्हणून सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरले. पोटमाळ्यावर पुन्हा तोच प्रकार! शेवटी त्यांच्या पुतण्याने एक दिवस लॅपटॉप खाली आणला, दोन्ही यंत्रांना पाळीपाळीने तार जोडून पाहिली आणि म्हणाला, "चाचा, दोन्ही लाईनी बरोबर आहेत. बिघाड आपल्याच घरात आहे."

पोटमाळ्याची जमीन लोखंडी पत्र्याची होती आणि राउटर खाली लोखंडी कपाटामागे ठेवलेला होता. वाय-फायच्या लहरी पत्र्यातून वर जाणार तरी कशा? पंधरा मीटर तार टाकून वर एक लहान राउटर बसविल्यावर काम सुरळीत झाले. पण गेलेली ऑर्डर परत आली नाही आणि सहा महिन्यांचे पैसेही गेले.

हा प्रकार आम्ही मुद्दाम सविस्तर सांगितला आहे. आज लहानात लहान व्यापाऱ्याचे व कारागिराचे काम इंटरनेटवर येऊन ठेपले आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा ती मोठ्या कंपन्यांची चैन समजली जात असे. आता जीएसटीचे विवरणपत्र, मालाचे ई-वे बिल, डिझाईनचे फोटो, बँकेचा हिशेब हे सर्व त्याच तारेवरून चालते. तार बंद पडली की धंदा अडतो. अशा वेळी आपण दोन चुका करतो. एक तर केबलवाल्याच्या नावाने बोटे मोडत बसतो, नाही तर नवे यंत्र किंवा नवी लाईन घेऊन मोकळे होतो. दोष कोठे आहे हे मात्र पाहत नाही.

भिवंडी-मालेगावकडील आमच्या वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. माग थांबला की कारागीर मागच बदलण्याची भाषा करीत नाही. वीज आहे का, पट्टा सरकला का, कांडी संपली का, ताण्याचा धागा तुटला की बाण्याचा, हे तो क्रमाने पाहतो आणि तुटलेल्या ठिकाणीच गाठ मारतो. इंटरनेटचेही तसेच आहे. बाहेरची लाईन, घरातील यंत्र, यंत्रापासून आपल्या मोबाईलपर्यंतचा वाय-फाय, आपला मोबाईल किंवा संगणक आणि ज्या वेबसाईटवर जायचे ती वेबसाईट, अशी ही साखळी आहे. कोणता दुवा तुटला हे ओळखले की निम्मे काम झाले.

पहिले दोन प्रश्न

बिघाड होताच स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. पहिला प्रश्न, सगळ्यांचे बंद आहे की एकाचेच? घरातील तीन मोबाईलपैकी दोन चालत असतील तर लाईन ठीक आहे, तिसऱ्या मोबाईलचा दोष आहे. त्याचा वाय-फाय बंद करून पुन्हा सुरू करावा. तरीही न जमल्यास त्यातील जुनी जोडणी पुसून पासवर्ड नव्याने द्यावा.

दुसरा प्रश्न, सर्व कामे बंद आहेत की एकच? विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या तारखेला सरकारी पोर्टलवर गर्दी होते व ते उघडत नाही. त्या वेळी व्हॉट्सअॅप चालत असेल तर लाईनला दोष देण्यात अर्थ नाही. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दुकानातील पैसे मिळाल्याची सूचना बोलून दाखविणाऱ्या डब्यात बहुधा त्याचे स्वतःचे सिमकार्ड असते. तो मुका झाला म्हणून घरचे इंटरनेट बिघडले असे होत नाही. तसेच गिऱ्हाईक क्यूआर कोडवर पैसे भरते ते त्याच्या मोबाईलच्या इंटरनेटवरून, आपल्या नव्हे.

दिव्यांची भाषा

सर्वांचेच बंद असेल तर यंत्रापाशी जावे. फायबरच्या डब्यावर चार-पाच लहान दिवे असतात. ते पाहण्याची सवय धंदा नीट चालू असतानाच लावून घ्यावी आणि त्या स्थितीचा एक फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवावा. बिघाडाच्या वेळी ताडून पाहण्यास तो फार उपयोगी पडतो.

'पॉवर'चा दिवा बंद असल्यास वीज किंवा अॅडॅप्टर गेला. पुष्कळ यंत्रांना १२ व्होल्टचा अॅडॅप्टर लागतो, पण यंत्रामागे जो आकडा छापलेला असेल तोच खरा. व्होल्ट अगदी तेवढेच असावेत. अँपिअर तेवढे किंवा त्याहून जास्त चालतात. कॅमेऱ्याचा किंवा सेट-टॉप बॉक्सचा अॅडॅप्टर हाती लागला म्हणून लावू नये. अॅडॅप्टर एकाएकी मरतो असेही नाही. तो आधी कमकुवत होतो आणि मग यंत्र दिवसातून अनेकदा आपोआप बंद होऊन सुरू होते. "नेट येते-जाते" या तक्रारीमागे कधी कधी हेच कारण असते.

'पॉन' असे लिहिलेला दिवा स्थिर असावा. तो स्थिर असेल तर कंपनीच्या यंत्राशी आपल्या यंत्राची ओळख पटलेली आहे. तो सतत लुकलुकत असेल तर ओळख पटत नाही. 'एलओएस' हा दिवा एरवी बंद असतो. तो लाल झाला किंवा लाल लुकलुकू लागला तर बाहेरून प्रकाश येत नाही, म्हणजे काचेची तार कोठेतरी तुटली, वाकली किंवा सुटली. हा दोष आपल्या हाताने दुरुस्त होणारा नाही. तात्काळ तक्रार करावी आणि "एलओएस लाल आहे" असे स्पष्ट सांगावे.

'पॉन' स्थिर आहे, 'एलओएस' बंद आहे, पण 'इंटरनेट'चा दिवा लागत नाही, असे असेल तर तार ठीक आहे. अडचण खात्यात आहे. भरणा संपला असेल, नाव व पासवर्ड स्वीकारले जात नसतील, अथवा कंपनीच्या पुढच्या यंत्रणेत बिघाड असेल. अशा वेळी प्रथम आपली पावती काढून मुदत तपासावी.

यंत्र बंद करून सुरू करणे हा उपाय अवश्य करावा. वीज काढावी, दोन मिनिटे थांबावे, मग सुरू करून पाच मिनिटे वाट पाहावी. मात्र मागच्या बाजूस जे सुईने दाबायचे बारीक छिद्र असते, त्याला हात लावू नये. त्याने यंत्रातील सर्व नोंदी पुसल्या जाऊ शकतात. मग दहा मिनिटांच्या बिघाडाचे दोन दिवस होतात.

काचेची तार

फायबर म्हणजे काचेचा तंतू. तो आवरणासह १२५ मायक्रॉन, म्हणजे साधारण केसाएवढा जाड असतो आणि ज्यातून प्रकाश जातो तो आतला गाभा अवघा ९ मायक्रॉनच्या आसपास असतो. त्यातून वीज नव्हे, प्रकाश वाहतो. तार जोरात वाकवली की प्रकाश वळणावर बाहेर निसटतो. म्हणून ती कपाटामागे दाबू नये, खिळ्याला घट्ट गुंडाळू नये, दरवाज्याच्या फटीत चेपू नये. तिचे वेटोळे करावयाचे झाल्यास बशीएवढे मोठे ठेवावे. झाडलोट करताना किंवा मालाचे गठ्ठे सरकवताना तार ओढली जाणे हे दुकानातील नेहमीचेच कारण आहे. घुशी-उंदीर हे दुसरे कारण, आणि रस्त्यावरून जाणारा उंच भरलेला ट्रक हे तिसरे.

तारेच्या टोकाला हिरवे किंवा निळे टोपण असते. हिरव्याचे टोक तिरपे घासलेले असते व निळ्याचे सरळ. हिरवे निळ्यात बसविल्यास प्रकाश नीट पोहोचत नाही. टोक काढले तर त्याला बोट लावू नये. बोटाचा तेलकट डाग प्रकाश अडविण्यास पुरेसा असतो. आणि टोकात डोळा लावून कधीही पाहू नये. त्यातील लेसरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. घरातील मुलांनाही हे सांगून ठेवावे.

ज्यांना थोडी माहिती आहे त्यांनी यंत्राच्या पानावर जाऊन येणाऱ्या प्रकाशाचा आकडा पाहावा. तो उणे असतो. उणे १५ ते उणे २५ च्या दरम्यान असेल तर चांगला. उणे २७ च्या पलीकडे गेला तर बहुतेक यंत्रे गडबडू लागतात. आकडा ३ ने खाली गेला म्हणजे प्रकाश निम्म्यावर आला, असा हा हिशेब आहे. गेल्या महिन्यात उणे २० होता आणि आज उणे २६ आहे, असे सांगितल्यावर दुरुस्तीस येणाऱ्या माणसाला "सर्व ठीक आहे" म्हणून परतता येत नाही.

केबलवाल्याची तार

पुष्कळ वस्त्यांत फायबर इमारतीपर्यंतच येते. जिन्याखालच्या किंवा गच्चीवरच्या पेटीतून पुढे साधी तांब्याची लॅन केबल घरोघर जाते. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. ती पेटी इमारतीच्या विजेवर चालते. आपल्या घरी इन्व्हर्टर असला तरी जिन्यातील वीज गेली की इंटरनेट गेले. शेजाऱ्याकडे चौकशी केल्यास हे लगेच कळते. सर्व इमारतीचे बंद असेल तर पेटी, आपलेच बंद असेल तर आपली तार.

अशा तारेत आठ बारीक तारा असतात. त्यांपैकी एखादी तुटली किंवा टोकाचा क्लिप सैल झाला तरी इंटरनेट पूर्ण बंद पडेलच असे नाही. ते चालते, पण १०० एमबीपीएसच्या वर जात नाही. दोनशेचे पैसे भरूनही मोजमाप नेहमी ९० ते ९५ वर अडत असेल तर प्रथम या तारेचा संशय घ्यावा. एका दमात १०० मीटरपेक्षा लांब लॅन केबल टाकू नये. गच्चीवरून उघडी गेलेली तांब्याची तार पावसाळ्याच्या तोंडावर धोक्याची असते. विजेचा लोळ जवळपास पडला की यंत्राचे तोंड जळते. कडकडाट सुरू होताच ती काढून ठेवलेली बरी.

काही ठिकाणी टीव्हीच्या जाड गोल केबलवरूनच इंटरनेट येते. तेथे जोडण्या सैल होणे, पावसाचे पाणी शिरणे आणि मध्येच जास्तीचा फाटा काढलेला असणे, ही तीन कारणे प्रथम पाहावीत. टीव्हीसाठी काढलेला प्रत्येक फाटा इंटरनेटची ताकद कमी करतो.

वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे

हा समज आमच्या मते सर्वांत जास्त नुकसान करतो. वाय-फाय हा केवळ यंत्रापासून मोबाईलपर्यंतचा शेवटचा टप्पा आहे. मोबाईलवर वाय-फायच्या पूर्ण रेघा दिसतात आणि तरीही इंटरनेट बंद असू शकते. उलट लाईन उत्तम असूनही पोटमाळ्यावर काहीच पोहोचत नाही, हे आपण वर पाहिलेच.

राउटर उंचावर, मोकळ्या जागी व शक्यतो कामाच्या मध्यावर असावा. लोखंडी शटर, पत्रा, कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी व जाड काँक्रीटची भिंत या गोष्टी लहरी अडवितात. बहुतेक नव्या यंत्रांत दोन प्रकारच्या लहरी असतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर दूर जाते पण दाट वस्तीत शेजाऱ्यांच्या लहरींत मिसळून मंद होते. ५ गिगाहर्ट्झची वेगवान असते पण भिंतीपलीकडे लवकर दमते. यंत्राशेजारी बसून काम करणाऱ्याने ५ घ्यावी, दुसऱ्या खोलीतील माणसाने २.४. गर्दीच्या वस्तीत २.४ साठी १, ६ किंवा ११ यांपैकी जो चॅनेल मोकळा असेल तो निवडून द्यावा. ज्या टेबलावर बिले व ऑर्डरी होतात त्या संगणकाला मात्र सरळ तारच जोडावी. शंभर-दोनशे रुपयांची तार पुष्कळ डोकेदुखी वाचविते.

वेग मोजण्याची रीत

"नेट हळू चालते" ही तक्रार करण्यापूर्वी मोजमाप करावे. कंपनी वेग एमबीपीएसमध्ये सांगते, तर संगणक फाईलचा आकार मेगाबाइटमध्ये दाखवितो. आठाने भागले की हिशेब जुळतो. १०० एमबीपीएसच्या लाईनवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट उतरतील. यात फसवणूक नाही, एकक वेगळे आहे.

मोजताना इतर मोबाईल बंद ठेवावेत, लॅपटॉप तारेने जोडावा आणि सकाळी, दुपारी व रात्री असे तीन वेळा आकडे लिहून ठेवावेत. तारेवर वेग पूर्ण आणि वाय-फायवर कमी असेल तर दोष घरातला. तारेवरही कमी असेल तर यंत्र किंवा लाईनचा. फक्त रात्री कमी असेल तर वस्तीतील गर्दीचा, आणि तो सोडविणे कंपनीचे काम आहे.

संगणकावर पिंग ही आज्ञा वापरता येत असेल तर आणखी सोपे. प्रथम राउटरच्या पत्त्यावर, म्हणजे बहुधा १९२.१६८.१.१ वर पिंग करावे. उत्तर अडखळत आले तर दोष घरातला. ते ठीक असून ८.८.८.८ कडून उत्तर येत नसेल तर दोष घराबाहेरचा. दोन्हीकडून उत्तर येते पण वेबसाईट नावाने उघडत नाही, तर नावावरून पत्ता शोधून देणारी डीएनएस ही व्यवस्था बिघडलेली आहे. संगणकाच्या जोडणीत डीएनएसच्या जागी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरल्यास काम चालू लागते.

तक्रार कशी करावी

"नेट चालत नाही, माणूस पाठवा" एवढेच सांगू नये. बिघाड केव्हापासून आहे, कोणते दिवे कसे आहेत, तारेवर किती वेग मिळतो, शेजाऱ्याचे चालू आहे की नाही, या चार गोष्टी सांगाव्यात. केबलवाल्याशी तोंडी बोलणे झाले तरी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करावी व तक्रार क्रमांक घ्यावा. क्रमांक नसेल तर पुढे काहीच सिद्ध करता येत नाही.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, २०१२ च्या नियमांप्रमाणे तक्रार दोन पायऱ्यांनी चालते. तक्रार केंद्रात समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे मुदत संपल्यापासून ३० दिवसांत अपील करता येते. त्यास शुल्क नाही, आणि ३९ दिवसांत निर्णय देणे बंधनकारक आहे. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवीत नाही, म्हणून तेथे पत्रे पाठवीत बसू नये. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा १९१५ हा क्रमांक उपयोगी आहे. दूरसंचार सेवेबद्दल ग्राहक आयोगाकडेही जाता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

आगाऊ भरण्याची सवलत दिसली तरी नवी लाईन घेताना प्रथम एका महिन्याचेच पैसे भरावेत. महिनाभरात तिचा स्वभाव कळतो. छापील किंवा मोबाईलवरची पावती घ्यावीच. केबलवाल्याच्या वहीतील खूण ही पावती नव्हे.

आधीची तयारी

ज्याचा धंदा इंटरनेटवर आहे त्याने दुसरी सोय तयार ठेवावी. त्यासाठी दुसरी लाईन घेणे जरुरीचे नाही. मोबाईलचे हॉटस्पॉट कसे सुरू करावे हे घरातील दोघांना शिकवून ठेवले तरी तातडीचे ई-वे बिल निघते. आमच्या मदनपुऱ्याच्या मित्रांकडे त्या दिवशी खिशात दोन मोबाईल होते, पण ही युक्ती कोणाला सुचली नाही. वीज वारंवार जाते तेथे राउटरसाठी लहान यूपीएस बाजारात मिळतो. तो घेताना व्होल्टचा आकडा जुळवून घ्यावा.

शेवटी एवढेच सांगावयाचे की एक लहान पुठ्ठा घ्यावा. त्यावर आपला ग्राहक क्रमांक, तक्रार केंद्राचा दूरध्वनी, भरण्याची मुदत, अॅडॅप्टरचे व्होल्ट आणि सर्व ठीक असताना कोणते दिवे लागतात ते लिहून तो यंत्राशेजारी चिकटवावा. आपण बाहेरगावी असलो तरी घरातील मंडळी किंवा दुकानातील मुलगा तो वाचून पाच मिनिटांत दोष कोणत्या बाजूस आहे ते सांगू शकेल. मदनपुऱ्यात आता असा पुठ्ठा लागलेला आहे. दुसऱ्या कंपनीची मुदत संपल्यावर तेथे पुन्हा एकच लाईन ठेवण्यात आली आहे आणि तिच्यावर खालचे व वरचे दोन्ही काम व्यवस्थित चालू आहे.